उष्णता, तारा आणि 34 माणसे : सीडीसी 6600 कसा घडला

नमस्कार. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, जेमतेम 30 सेंटिमीटर अंतर कापतो, आणि तांब्याच्या तारेतून जाणारा विद्युतसंकेत त्याहूनही कमी. एरवी या मर्यादेची आपल्याला दखलही घ्यावी लागत नाही. पण 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या ज्या मोजक्या अभियंत्यांनी जगातला सर्वांत वेगवान संगणक बांधायला घेतला, त्यांना पावलोपावली हीच मर्यादा आडवी येत होती. तिच्यावर मात करायची तर सगळे भाग एकमेकांच्या जवळ आणावे लागत, आणि जवळ आणले की ते तापत. कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन या कंपनीचा सीडीसी 6600 हा संगणक या दोन अडचणींच्या मधून वाट काढत घडला. 1964 मध्ये तो तयार झाला आणि 1969 पर्यंत त्याच्याहून वेगवान संगणक बाजारात आला नाही. अनेक अभ्यासक त्यालाच पहिला यशस्वी महासंगणक मानतात.

या यंत्राच्या कथेत सेमूर क्रे यांचे नाव सर्वांत आधी येते आणि ते यायलाच हवे. परंतु जिम थॉर्नटन, डीन राऊश आणि लेस डेव्हिस ही नावेही त्याच आदराने घेतली गेली पाहिजेत, असे मला मनापासून वाटते. त्याचे कारण आपल्याला यंत्राच्या रचनेतच सापडेल.

क्रे यांचा जन्म 1925 चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स या लहानशा गावातला. मिनेसोटा विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकल्यावर ते सेंट पॉल शहरातल्या इंजिनीअरिंग रिसर्च असोसिएट्स या कंपनीत लागले. अमेरिकी नौदलासाठी काम करणारी ही कंपनी पुढे रेमिंग्टन रँडने विकत घेतली, आणि मोठ्या कंपनीच्या कारभाराला कंटाळलेल्या विल्यम नॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1957 मध्ये बाहेर पडून कंट्रोल डेटाची स्थापना केली. क्रे थोड्याच काळात त्यांना येऊन मिळाले. त्यांनी रचलेला 1604 हा ट्रान्झिस्टरांचा, म्हणजे विद्युतप्रवाह चालू-बंद करणाऱ्या चिमुकल्या घटकांचा संगणक 1960 मध्ये नौदलाकडे गेला, आणि त्याच्या पाठोपाठ टेबलाएवढ्या आकाराचा 160 हा छोटा संगणक आला. हा 160 लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. त्याचीच सुधारित आवृत्ती, 160-ए, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 साली बसवलेल्या सीडीसी 3600 या मोठ्या यंत्राच्या जोडीला आली होती.

1962 मध्ये क्रे यांनी आपली प्रयोगशाळा मुख्यालयापासून दूर, स्वतःच्या गावी, चिपेवा फॉल्सला हलवली. 6600 ची खरी जडणघडण तिथे झाली.

पहिला प्रश्न ट्रान्झिस्टरचा होता. 1604 मध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते, पण जर्मेनियम उष्णता फारशी सोसत नाही, आणि त्यातून मिळू शकणारा वेगही हव्या त्या उद्दिष्टापर्यंत पोहोचत नव्हता. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या फेअरचाइल्ड कंपनीने सिलिकॉनचे अतिशय वेगवान ट्रान्झिस्टर बनवायला सुरुवात केली होती, आणि क्रे यांनी सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवली. संगणकातले प्रत्येक काम ज्या ठरावीक तालावर पुढे सरकते, त्याचा एक ठोका 6600 मध्ये 100 नॅनोसेकंदांचा ठरला, म्हणजे सेकंदाला एक कोटी ठोके. ऐकायला हा अवधी पुरेसा वाटतो, पण एका ठोक्यात संकेताला कित्येक ट्रान्झिस्टर ओलांडायचे असतात आणि त्यांच्यामधल्या तारांतही वेळ जातो. यंत्रात ट्रान्झिस्टर होते सुमारे 4 लाख आणि तारांची एकूण लांबी 100 मैलांहून अधिक. त्यामुळे प्रत्येक तार जितकी आखूड करता येईल तितकी करणे ही वेगाची पहिली अट होती.

म्हणून त्यांनी दोन छोट्या चौकोनी सर्किट पट्ट्या समोरासमोर ठेवून त्यांच्या मधल्या जागेत सगळे भाग दाटीवाटीने उभे बसवले. असे हजारो ठोकळे कपाटांत रचले आणि कपाटांची मांडणी अधिकच्या चिन्हासारखी केली. वरून पाहिले तर चार बाहू मध्यभागी एकत्र येतात, आणि त्यामुळे एका बाहूतून दुसऱ्यात जाणाऱ्या तारांना फेरा पडत नाही.

आता उष्णता. इतक्या दाटीत पंख्याच्या वाऱ्याचा काहीही उपयोग नव्हता, कारण वारा आत शिरणार तरी कुठून? हा प्रश्न डीन राऊश यांनी सोडवला. ते शीतकरणाच्या क्षेत्रातले अभियंते होते, संगणकाच्या नव्हे. त्यांनी कपाटांच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांमधून फ्रिऑन या शीतकरणाच्या वायूच्या नळ्या खेळवल्या, ठोकळ्यांची उष्णता थेट त्या थंड धातूत उतरेल अशी व्यवस्था केली आणि शीतकरणाची यंत्रणा यंत्राचाच एक भाग बनवली. संगणकाच्या इतिहासात याचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो, आणि मला ते अन्यायाचे वाटते. ठोकळे इतके जवळ ठेवण्याची मुभा क्रे यांना मिळाली ती राऊश यांच्या नळ्यांमुळे. ती मुभा नसती, तर तारा लांबल्या असत्या आणि 100 नॅनोसेकंदांचा ठोका कागदावरच राहिला असता.

मात्र ठोका जलद असला म्हणजे संगणक जलद होतोच असे नाही. मुख्य मेमरी चुंबकीय कड्यांची होती आणि तिचे एक आवर्तन 1,000 नॅनोसेकंदांचे, म्हणजे तब्बल 10 ठोक्यांचे. म्हणून मेमरी 32 स्वतंत्र भागांत विभागली, म्हणजे एक भाग गुंतलेला असताना दुसऱ्याकडून मजकूर घेता येईल. त्याशिवाय कार्ड वाचणे, छपाई करणे, चुंबकीय फितीशी व्यवहार करणे अशी सगळी वेळखाऊ कामे मुख्य प्रोसेसरकडून काढून घेतली. मोठ्या लग्नाच्या स्वयंपाकात मुख्य आचारी भाजी चिरायला किंवा पाणी आणायला बसत नाही, तसेच हे. ही कामे 10 छोट्या परिघीय प्रोसेसरांकडे सोपवली, आणि त्यांची 12 बिटांची रचना त्या 160 संगणकाच्या घराण्यातली होती. त्यातली खुबी अशी की प्रत्येकाची मेमरी स्वतंत्र असली, तरी आकडेमोडीचे सर्किट दहांत मिळून एकच होते. दर ठोक्याला ते पुढच्याच्या सेवेला जाई, आणि दहा ठोक्यांनी पुन्हा पहिल्याची पाळी येई. मेमरीला तसेही दहा ठोके लागत असल्यामुळे कोणाचाच खोळंबा होत नसे. मला या यंत्रातली सर्वांत सुंदर कल्पना हीच वाटते.

मुख्य प्रोसेसरची तपशीलवार रचना बऱ्याच अंशी जिम थॉर्नटन यांची. त्यात बेरीज, गुणाकार, भागाकार, तार्किक क्रिया वगैरेंसाठी 10 स्वतंत्र विभाग होते, आणि त्यांतले दोन गुणाकाराचे. समजा तीन आज्ञा ओळीने आल्या : एक भागाकार, एक गुणाकार आणि एक बेरीज, आणि तिन्ही एकमेकींवर अवलंबून नाहीत. दशांश संख्यांच्या भागाकाराला 29 ठोके लागत, गुणाकाराला 10 आणि बेरजेला 4. एकामागून एक केल्या तर 43 ठोके जातील. 6600 मध्ये भागाकार सुरू होताच पुढच्या आज्ञा आपापल्या विभागांत रवाना होत, आणि तिन्ही कामे 29 ठोक्यांच्या फार पुढे न जाता संपत.

पण गुणाकाराला भागाकाराचेच उत्तर हवे असेल तर? त्यासाठी थॉर्नटन यांनी स्कोअरबोर्ड नावाची नियंत्रक यंत्रणा रचली. कोणता विभाग गुंतलेला आहे, कोणत्या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आत एकेक संख्या ठेवण्याच्या छोट्या जागेत, कोणाचे उत्तर यायचे आहे, कोण कशासाठी थांबले आहे, याची नोंद ती क्षणोक्षणी ठेवी. लागणारी संख्या तयार नसेल तर तो विभाग थांबे, बाकीचे चालू राहत. मात्र दोन आज्ञांना एकाच रजिस्टरमध्ये उत्तर लिहायचे असेल, तर दुसरी आज्ञा दारातच अडवली जाई आणि तिच्यामागची रांगही थांबे. ही मर्यादा लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ऑगस्ट 1963 मध्ये कंट्रोल डेटाने 6600 ची जाहीर घोषणा केली, आणि पुढच्याच आठवड्यात, 28 ऑगस्टला, आयबीएम या बलाढ्य प्रतिस्पर्धी संगणक कंपनीचे प्रमुख टॉमस वॉटसन ज्युनियर यांनी आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांना एक टिपण पाठवले. हे यंत्र बनवणाऱ्या प्रयोगशाळेत सफाई कामगारासह केवळ 34 माणसे आहेत, त्यांत 14 अभियंते, 4 प्रोग्रॅमर, आणि पीएच.डी. झालेला एकच, तोही कनिष्ठ प्रोग्रॅमर. मग एवढे मोठे मनुष्यबळ असताना आपण अग्रस्थान गमावले कसे, असा त्यांचा प्रश्न होता. वॉटसन यांनी स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच दिले आहे, असे क्रे त्यावर म्हणाल्याचे सांगतात.

वॉटसन यांच्या संतापाला पार्श्वभूमी होती. आयबीएमचा स्ट्रेच हा महत्त्वाकांक्षी संगणक 1961 मध्ये लॉस अलामॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत पोहोचला होता, पण तो वचन दिलेल्या वेगाला न उतरल्याने त्याची किंमत 1 कोटी 35 लाख डॉलरवरून सुमारे 78 लाखांवर आणावी लागली होती. पण या प्रसंगावरून लहान गट म्हणजे हमखास यश, असा जो निष्कर्ष सहज काढला जातो, तो मला पटत नाही. त्या 34 जणांपैकी अनेकांना एकमेकांबरोबर काम करण्याचा वर्षानुवर्षांचा सराव होता, त्यांच्या हाताशी फेअरचाइल्डचे ट्रान्झिस्टर होते, आणि जुन्या यंत्रांशी सुसंगती राखण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते.

शिवाय मोठ्या गटानेही पुढे मोलाचे काम केले. 6600 ला उत्तर म्हणून आयबीएमने 360 मालिकेतले 91 हे यंत्र बनवले. ते 1967 मध्ये ग्राहकांकडे गेले, तेही मोजक्याच संख्येने. न बनलेली यंत्रे जाहीर करून आमची गिऱ्हाइके थोपवून धरली, असा दावा कंट्रोल डेटाने 1968 च्या डिसेंबरात न्यायालयात लावला, आणि 1973 मध्ये तडजोडीत तिला बरेच काही मिळाले. पण त्याच यंत्रासाठी रॉबर्ट टोमासुलो यांनी रजिस्टरांना तात्पुरती वेगळी ओळख देण्याची पद्धत शोधली, आणि स्कोअरबोर्ड जिथे आज्ञेला दारात अडवत होता नेमकी तीच अडचण तिने दूर केली. आजच्या वेगवान प्रोसेसरांत थॉर्नटन आणि टोमासुलो या दोघांच्याही विचारांचा वारसा आहे.

6600 चे पहिले ग्राहक अणुशास्त्राच्या आणि भौतिकीच्या प्रयोगशाळा होत्या. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत तो 1965 च्या आरंभी पोहोचला आणि कणांच्या टकरींच्या छायाचित्रांचे विश्लेषण त्याच्यावर होऊ लागले. सुरुवातीला तिथल्या लोकांना त्याने बराच त्रासही दिला. पण चालू असताना तो सेकंदाला सुमारे 30 लाख गणिती क्रिया करी, आणि तेवढे दुसरे कोणतेही यंत्र करत नव्हते.

पुढे 1969 मध्ये क्रे यांच्या 7600 ने ठोका 27.5 नॅनोसेकंदांवर आणला. त्यानंतरचा 8600 पूर्णत्वाला गेला नाही. 1972 मध्ये क्रे यांनी कंट्रोल डेटा सोडून क्रे रिसर्च ही कंपनी काढली, तेव्हा लेस डेव्हिस आणि डीन राऊश त्यांच्याबरोबर गेले. क्रे यांच्या कल्पना प्रत्यक्ष चालणाऱ्या यंत्रात उतरवण्याची जबाबदारी डेव्हिस यांनी दीर्घकाळ वाहिली. 1976 मध्ये लॉस अलामॉसला गेलेल्या क्रे-1 चा ठोका 12.5 नॅनोसेकंदांचा होता, आणि तिथेही प्रश्न तेच दोन होते. कपाटे इंग्रजी सी अक्षरासारख्या वळणात उभी केली होती, कारण वळणाच्या आतल्या बाजूने तारा नेल्या की सर्वांत लांब तारसुद्धा 4 फुटांच्या आत बसे. या तारा चिपेवा फॉल्समधल्या स्त्रिया हातांनी जोडत असत, आणि कपाटांच्या उभ्या पट्ट्यांमधून राऊश यांनी या वेळीही फ्रिऑन खेळवला होता.