बुंदीचा इको

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या भाचीकडे बुंदी नावाची मेन कून मांजर होती. आडदांड, सात किलोची, झुपकेदार शेपटीची. गेल्या उन्हाळ्यात ती फ्रिजवर उडी मारेनाशी झाली, तोंड उघडं टाकून धापा टाकू लागली. भाची म्हणाली, "मामा, उकाड्यानं असेल." पण मांजर अशी धापा टाकत नाही हो. टोपलीत घातली आणि नेली डॉक्टरांकडे.

त्यांनी बरगडीवरचे केस चौकोनी भादरले, जेल लावलं आणि इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाची तपासणी, सुरू केली. पुढचे पाय मी धरले होते. मनगटाला तिचं हृदय लागत होतं, मिनिटाला दोनशे तरी ठोके! डाव्या कप्प्याची भिंत डॉक्टरांनी पडद्यावर मोजली. ७ मिलिमीटर. "६ च्या आत हवी," ते म्हणाले. "हिच्या आईबापांचा इको झाला होता?" भाचीकडे आईबापांचे नुसते फोटो. जाता जाता बोलतोच: पिल्लाला हजारो रुपये मोजता, तर आईबापांचे रिपोर्टही मागा. आणि वाण्याच्या पोत्यावर निजणारी मनी काय वाईट आहे?

मग डॉक्टरांनी मलाच विचारलं, "काका, तुमच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?"

गेलंय. थोरले चुलते, ४१ व्या वर्षी, विहिरीवर मोटार चालू करताना. ताप नाही, दुखणं नाही. ‘बाहेरची बाधा’ म्हणून विषय मिटला होता.

हृदयाच्या स्नायूचं आवळणं-सैलावणं ताळ्यावर ठेवणारं एक प्रथिन असतं. ते बिघडलं, की हृदयाची भिंत जाड होण्याचा आजार जडू शकतो, आणि त्यात तरुणपणी अचानक मरणही येऊ शकतं. त्याचं जनुक मांजरीत आहे तसं आपल्यातही. मेन कूनमध्ये त्यातलं एक अक्षर, म्हणजे डीएनएचा एक घटक, बदललेलं आढळतं, हे २००५ साली कळलं. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतले डॉ. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्याच जनुकातली २५ अक्षरं भारतात सुमारे ४ टक्के लोकांत गळालेली आहेत. पुन्हा सांगतो: २५ अक्षरं, आणि २५ माणसांत एक. अशा प्रत्येकाला हा आजार होतोच असं नाही. पण जवळच्या नात्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. आपणहून सांगा.

पुढच्या आठवड्यात मी इकोला गेलो. डाव्या कुशीवर झोपवलं, गार जेल लावलं. माझी भिंत ठीक निघाली. आता धाकट्या चुलतभावाची वेळ घेतली आहे. तो थोरल्या चुलत्यांचाच मुलगा.