उभ्या पट्टीची वाट

नमस्कार श्रोतेहो.

नवरात्रात कालिका देवीच्या यात्रेला जाणाऱ्या नाशिककरांना खेळण्यांची दुकानं काही नवी नाहीत. पिपाण्या, फुगे, प्लास्टिकची पिस्तुलं, आणि एके काळी त्यांच्यातच ठेवलेला तो हातात मावणारा डबा: ब्रिक गेम. पेन्सिल सेल घातले की हिरवट पडद्यावर काळे ठोकळे वरून पडायला लागायचे. डब्यावर छापलेलं असायचं ‘९९९९ इन १’. आत खेळ मोजकेच, पण तक्रार कोण करतो!

या खेळाचं मूळ नाव टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाझित्नोव यांनी तो लिहिला. त्यांच्या इलेक्ट्रॉनिका ६० या यंत्राला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून पहिले ठोकळे कंसांचेच बनले होते. १९८९ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या गेम बॉय या हातात धरायच्या खेळयंत्राबरोबर तो घराघरांत पोचला.

चार चौकोन जोडून होतात सात आकार. ते ज्या चौकटीत पडतात ती विहीर दहा घरं रुंद, वीस घरं उंच. ओळ गच्च भरली की ती गायब, वरचं सगळं एक घर खाली. ठोकळा फिरवायचा, सरकवायचा, बस्स. पण खरी मेख गुणांत आहे. निन्टेन्डोच्या जुन्या खेळात सुरुवातीला एक ओळ फोडली की ४० गुण, आणि चार ओळी एकदम फोडल्या की थेट १२००. एकेक करून त्याच चार फोडल्यात तर १६०! मग कोण एकेक फोडेल? सगळे एका कडेचा रकाना मोकळा ठेवतात आणि उभ्या पट्टीची, म्हणजे चारही चौकोन एका रांगेत असलेल्या तुकड्याची, वाट बघत बसतात. ती येत नाही. ढीग चढतो, अंगठा घामेजतो, शेवटी नाइलाजाने भलताच तुकडा त्या रकान्यात कोंबावा लागतो. आणि लगेच पुढचा तुकडा कोणता? पट्टीच!

नव्या टेट्रिसमध्ये ही छळवणूक कमी झाली. तिथे सातही आकार एका पिशवीत घालून, मिसळून काढतात, त्यामुळे दोन पट्ट्यांमध्ये फार तर बारा तुकडे. मला मात्र जुनाच बेभरवसा आवडतो. गणितज्ञांनी तर सिद्ध केलंय की इंग्रजी एस आणि झेडसारखे दिसणारे ते दोन नागमोडी तुकडे आलटून पालटून येतच राहिले, तर कितीही हुशार खेळाडू हरणारच.

तरी डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला तेरा वर्षांचा एक मुलगा निन्टेन्डोच्या त्या जुन्याच खेळात १५७व्या लेव्हलपर्यंत गेला. रिमोटच्या पाठीवर बोटांनी तबल्यासारखा ठेका धरून तो बटण अंगठ्यावर आपटत होता. तुकडे इतक्या वेगाने पडत असताना नुसत्या अंगठ्याने भागत नाही. शेवटी गुण मोजता मोजता यंत्राचीच दमछाक झाली आणि पडदा गोठला.