काळ्या नळीच्या पोटात

ठिबक सिंचनाची नळी बनते ती या काळ्या दाण्यापासून. दाणा पॉलिथिनचा, म्हणजे प्लॅस्टिकचा. काळा, कारण त्यात दोन-अडीच टक्के काजळी मिसळलेली असते. ती नसती, तर जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात नळी लवकरच तडकली असती. शिवाय आत उजेड शिरला की शेवाळ धरतं.

हॉपरमधून, म्हणजे वरच्या नरसाळ्यातून, दाणा एक्स्ट्रूडर या नळी काढणाऱ्या यंत्रात उतरतो. आत लांबलचक मळसूत्र फिरतंय. ते दाण्याला पुढे ढकलतं, दाबतं, रगडतं. हीटरची धग आणि रगडण्याची उष्णता मिळून त्याचा सुमारे २०० अंशांवर घट्ट पाक होतो. डायमधून, म्हणजे तोंडाशी असलेल्या साच्यातून, बाहेर पडते गरम, लवलवती नळी.

आता इथे नजर ठेवा. नळी मऊ आहे तोवरच यंत्र एकेक ड्रिपर, म्हणजे पाणी थेंबाथेंबानं सोडणारा छोटा तुकडा, तिच्या पोटात सारतं आणि तो आतल्या अंगाला चिकटतो. मग थंड पाण्याची टाकी. तिथल्या निर्वातात नळीचा गोलावा पक्का होतो. पुढचं यंत्र तिला ओढून घेतं. ओढ वाढली की नळी पातळ, कमी झाली की जाड. शेवटी सेन्सर ड्रिपर हेरतो आणि नेमकं तिथेच भोक पडतं. ते जरा जरी सरकलं, तर ड्रिपर वाया.

ड्रिपर नखाएवढा. त्यावर कोरलेली नागमोडी वाट. वळणं घेता घेता पाण्याचा जोर ओसरतो आणि तासाला दोन किंवा चार लिटर, जसा ड्रिपर असेल तसं, ते थेंबाथेंबानं झिरपतं. मला या कारखान्यातलं सगळ्यात सुंदर काम हेच वाटतं.

विहिरीपासून शेतापर्यंतचा पीव्हीसी पाइप वेगळ्या यंत्रावर, पावडरपासून बनतो. त्या यंत्रात मळसूत्रं दोन.

१९८०च्या दशकात जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांनी जळगावात ठिबकचं काम सुरू केलं. त्याआधी रावेर-यावलच्या केळीला पाणी पाटानं. रात्री लाइट आली की बॅटरी घेऊन बांधावर जायचं, चिखलात उभं राहून बारे धरायचे, म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवायचं. आज तेच पाणी, विरघळलेल्या खतासकट, थेट मुळाशी पोचतं.

पण नळीची निगा राखावी लागते. क्षाराच्या पाण्यानं ती नागमोडी वाट बुजते. मग सौम्य आम्ल सोडायचं, नळीचं टोक उघडायचं. आधी गढूळ पाणी येतं. नितळ आलं, की टोक दुमडून पुन्हा इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारख्या कडीत अडकवायचं.