जुन्या इंग्लिश चर्चचं रजिस्टर उतरवताना ‘चूक’ सुधारू नका

(स्क्रीनवर: रजिस्टरचं पान, तपकिरी पडलेली शाई)

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या खेड्यातल्या चर्चचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर साधारण असं दिसतं. समजा, वरची नोंद डिसेंबर १७२३ ची आहे. तिच्याखाली जानेवारी १७२३, मग फेब्रुवारी, तोही १७२३ च. पाद्रीबुवांची गफलत? अजिबात नाही. तिकडे १७५१ पर्यंत सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. आपल्या हिशेबाने हा फेब्रुवारी १७२४ चा. तुम्ही गुपचूप १७२४ केलंत, पुढच्याने तेच ‘सुधारून’ १७२५ केलं, की बाळ वर्षभर उशिरा जन्मलं! म्हणून लिहायचं १७२३/४. दोन्ही वर्षं दिसली पाहिजेत.

या वह्या सुरू झाल्या १५३८ मध्ये, आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने. पुढे १५९८ मध्ये फर्मान निघालं की जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवा आणि दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवा. त्यामुळे अगदी सुरुवातीच्या नोंदी बऱ्याचदा मुळात नक्कलच असतात. पण बिशपकडची प्रत टिकली असेल तर ताडून बघता येतं, हा मोठाच फायदा.

आता अक्षर. सेक्रेटरी हँड नावाचं ते वळण पहिल्यांदा बघताना मोडी बघितल्यासारखंच वाटतं. ‘ई’ उलटा, ‘एच’ची शेपटी ओळीखाली लोंबतेय, ‘एस’ हुबेहूब ‘एफ’सारखा. आडनावावर डोकं आपटू नका. त्याच पानावर ‘सन ऑफ’, ‘डॉटर ऑफ’, महिन्यांची नावं शोधा. ती ठाऊक असतात, त्यांतून त्या माणसाची अक्षरं ओळखीची होतात. लॅटिनमध्ये ‘गुलिएल्मस’ असेल तर तेच लिहा, विल्यम करायला जाऊ नका. अक्षर लागलंच नाही तर अंदाज ठोकू नका. फ्रीरेग या स्वयंसेवकांच्या प्रकल्पात अशा एका अक्षराला अंडरस्कोर (_) देतात, जास्त असतील तर तारा (*).

१८१३ पासून छापील फॉर्म आले. पानावर आठ नोंदी, बापाचा धंदा, राहण्याचं ठिकाण, सगळं रकान्यात. काम सोपं, आणि खरं सांगू, थोडं कंटाळवाणंही. एवढं मात्र ध्यानात ठेवा, तारीख बाप्तिस्म्याची असते, जन्माची नव्हे. तीन भावंडं एकाच दिवशी दिसली म्हणून तिळी समजू नका.

आणि हे बघा, नावाशेजारी नुसता ‘पी’. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, गरिबांना माफी. म्हणजे ‘पी’ पॉपरचा, कंगालाचा असू शकतो. पण आजारी बाळाचा घरीच उरकलेला खासगी बाप्तिस्माही ‘पी’नेच दाखवलेला सापडतो. एकात घर गरीब, दुसऱ्यात बाळ आजारी. म्हणून टिपेच्या रकान्यात नुसता ‘पी’ लिहा आणि पुढच्या ओळीला लागा.