कोंबडी रात्री पाळायची असते

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘परसातल्या कोंबड्या : नवशिक्यांच्या दहा चुका’. दहा हा आकडा कार्यवाहांचा. मी घरी मोजायला बसले तेव्हा सतरा भरल्या, आणि त्यातल्या चार तर मी दोनदा केल्या होत्या. पण वाचनालयाचा हा हॉल आपल्याला पाच ते सहाच मिळालाय. सहाला गीतेचा वर्ग असतो आणि त्या वर्गातल्या निम्म्या जणी आत्ताच मागच्या रांगेत येऊन बसल्यात, हे मला इथून दिसतंय. तुम्ही अंडी खात नाही हे मला ठाऊक आहे. ऐकायला काही हरकत नसावी.

मुंबईत परस म्हटल्यावर लोक हसतात. मुलुंड कॉलनीच्या टोकाला, जिथे घरं संपतात आणि डोंगर लागतो, तिथे सासऱ्यांनी बांधलेलं आमचं बैठं घर आहे. मागे पंधरा बाय वीस फुटांची जागा, त्यात एक शेवगा. दोन्ही बाजूंना टॉवर उभे राहिलेत. भिंतीपलीकडे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. बिबट्या आला होता की नाही, हे आम्ही गल्लीतली कुत्री मोजून ठरवतो.

नोकरी माझी टेलिफोन खात्यात. ट्रंक ऑपरेटर, म्हणजे परगावचे फोन जोडून देणारी. एकतीस वर्षांतली बरीचशी रात्रपाळीत गेली. हे एवढ्यासाठी सांगते, की जिने अर्धं आयुष्य रात्री जागून काढलं तिला या धंद्यात रात्रीचाच विसर पडला. सतराच्या सतरा चुका तपासल्या तर मूळ एकच निघतं : मी सगळं दिवसाउजेडी बघून ठरवलं. कोंबडी दिवसा आपलं आपण बघते. तिला आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, पण अंधार पडला की जवळजवळ काहीच दिसत नाही. जिथे बसली असेल तिथे पोत्यासारखी बसून राहते. त्या बारा तासांची जबाबदारी आपली.

माझं माहेर कुडाळकडचं. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायच्या आधी आईची हाक यायची, ‘कोंबये झाकलंस काय गो?’ मग मोजायच्या, डालग्याखाली घालायच्या, डालग्यावर दगड. मला त्या दगडाचा राग यायचा. एवढा जड कशाला, वाटायचं.

तर पहिली खरेदी. स्टेशनबाहेर खोक्यात गुलाबी, हिरवी, पिवळी रंगवलेली पिल्लं विकायला बसतात ना, ती. नातवाने हट्ट केला, सहा घेतली. ही पिल्लं स्वस्त का, हा प्रश्न पडायला हवा होता. अंड्यांच्या जातीच्या उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी नर-मादी निवडतात. नर अंडी देणार नाहीत, मांस धरणार नाहीत, म्हणून ते बाजूला काढतात. त्यातलेच पुष्कळसे रंगाच्या बादलीतून आपल्याकडे येतात. म्हणजे मी अंड्यांच्या आशेने सहा कोंबडे घेऊन आले होते. आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुटविकासाची संस्था आहे, मुलुंडहून लिंक रोडने गेलं की जवळच. आधी तिथे जाऊन दोन प्रश्न विचारावेत, हे काही सुचलं नाही.

जानेवारी महिना. फ्रिजचं खोकं, त्यात साठ वॉटचा बल्ब. पिल्लाला पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायची. मी म्हटलं, मुंबईत कसली आलीये थंडी! दिवसा पिल्लं बल्बपासून लांब, खोक्याच्या कडेला चिकटून चोची उघडून बसायची. मला वाटलं, लाजतायत. आमचे हे म्हणाले, ‘अगं, त्यांना उकडतंय. बल्ब वर घे.’ कडेला गेली तर उकाडा, बल्बखाली गठ्ठा केला तर थंडी, आणि खोकंभर विखुरली तर बरोबर. थर्मामीटरपेक्षा हे बरं. पण रात्री दोनच्या सुमारास बल्ब उडाला आणि ते बघायला कोणी नव्हतं. सकाळी कोपऱ्यात एकावर एक ढीग. वरची तीन जिवंत. खालची तीन काढली तेव्हा अजून थोडी गरम होती, गुलाबी रंग माझ्या बोटांना लागला. तेव्हापासून मी नेहमी दोन बल्ब लावते, दोन वेगळ्या प्लगांवर.

उरलेले तिघे पाच महिन्यांत आरवायला लागले. पहाटे साडेतीनला! बाजूच्या टॉवरमधून आठव्या मजल्यावरचे एक गृहस्थ लुंगीवर खाली आले. मी म्हटलं, ‘कोंबडा पहाटेच आरवणार.’ ते म्हणाले, ‘बाई, ही पहाट नाही, ही रात्र आहे.’ मुद्दा बिनतोड होता. मग मी आईचं ते डालगं माळ्यावरून काढलं, तिघांना आत घातलं, वर दोन चादरी आणि सतरंजी. तरी साडेतीनला, जरा दबका, पण आवाज तोच.

आपल्याकडे म्हणतात ना, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली त्याच्या पुढचं दाखवलं. चोवीस तास सारख्याच मंद उजेडात ठेवलेले कोंबडेसुद्धा आपापल्या पहाटेला आरवतात. घड्याळ आतच असतं. पुढे २०१५ मध्ये त्यांनी असंही दाखवलं, की कळपातला वरच्या मानाचा आधी आरवतो, मग बाकीचे मानाच्या क्रमाने. आमच्या ऑफिसात कोण आधी चहाला उठतं, त्याचाही असाच क्रम होता. त्या तिघांचं पुढे काय झालं, ते गीतेच्या वर्गासमोर सांगत नाही. आणि हो, दर वेळी कोणीतरी विचारतंच म्हणून : अंड्यासाठी कोंबडा लागत नाही. पिल्लं हवी असली तर लागतो.

मग वसईच्या बाजारातून पाच तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणल्या. या वेळी पाहून, चार पैसे जास्त देऊन. खुराडं सुताराकडून करून घेतलं, सागवानी चौकट, वर पत्रा, चारी बाजूंना मुर्गा जाळी. नाव मुर्गा जाळी, म्हणून मी निर्धास्त. तिच्यामागे कोंबडी राहते, एवढंच तिचं काम. बाहेरच्याला अडवायचा दम त्या पातळ तारेत नाही. हार्डवेअरवाल्याने वेल्ड मेशचा, म्हणजे जाड तारांच्या जोडलेल्या जाळीचा, भाव सांगितला तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, ‘मला कोंबड्या ठेवायच्यात, कैदी नाही.’

सप्टेंबरातली रात्र, पाऊस थांबून नुसती झाडं गळत होती. मध्येच एक आवाज झाला. ओरडणं असं नाही, कोणीतरी खुर्चीवरून पटकन उठावं तसा. मी जागी झाले. तीस वर्षं रात्री बोर्डवरचा दिवा लागला की झोपेतून हात प्लगकडे जायचा, ती मी. त्या रात्री कूस बदलली. सकाळी बघते तर जाळीचा खालचा कोपरा, जिथे सुताराने बारीक तारेने बांधला होता, तिथे ओंजळीएवढा वाकलेला. दोन कोंबड्या नाहीत. पिसांची एक रेघ भिंतीपर्यंत. बाकीच्या तिघी दांडीवर शेजारी शेजारी तशाच बसलेल्या, उजाडलं तरी उतरायला तयार नाहीत. मागच्या गल्लीतल्या एका जाणत्या माणसाने चिखलातला पंजा बघून सांगितलं, उदमांजर. जातानाचं एक वाक्य बोलून गेला, ‘ताई, ते चार रात्री येऊन बघून गेलं असणार.’ म्हणजे माझं खुराडं रात्री कसं दिसतं हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. त्या संध्याकाळी मी टॉर्च घेऊन खुराड्याभोवती गुडघ्यांवर फिरले. सतरा भोकं सापडली. दहा कुठले हो, कार्यवाह!

आता अर्धा इंची वेल्ड मेश आहे, जमिनीत फूटभर पुरलेली, कारण घुशी खालून येतात. दाराला कडी आणि कडीत खिट्टी. नुसती कडी उचलायला जनावराला वेळ लागत नाही. आईच्या त्या दगडाचा राग माझा गेला.

चिठ्ठी आली. बारा मिनिटं. म्हणजे अजून तेरा चुका. पळते.

विष्ठेचा वास. पावसाळ्यात खुराड्यात खाली अंथरलेला तुसाचा थर ओला राहतो, अमोनिया धरतो, आणि त्यात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. दिवसा उभ्याने वास येत नाही. रात्री दार बंद असताना कोंबडीच्या उंचीला नाक नेऊन हुंगा. डोळे चुरचुरले तर तूस त्याच आठवड्यात बदला.

राणीखेत, कोंबड्यांचा साथीचा रोग. उत्तराखंडातल्या गावाचं नाव त्या रोगाला चिकटलंय, बाहेर त्यालाच न्यूकॅसल म्हणतात. गावठी कोंबडीला होत नाही, ही समजूत सोडा. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लशीचा थेंब डोळ्यात. बाटली शंभर पिल्लांची येते आणि कालवल्यावर थोड्या वेळात वापरावी लागते, तेव्हा सहा पिल्लांसाठी एकट्याने फोडू नका. संध्याकाळी गारव्याला करा, तेव्हा धरायलाही सोप्या.

नवी कोंबडी. मी दुपारी बारा वाजता तिघींत चार नव्या सोडल्या आणि एकीचा तुरा रक्तबंबाळ झाला. त्यांच्यात मानाची उतरंड असते. नॉर्वेच्या थोर्लेफ श्येल्डरुप-एबे याने ती शंभर वर्षांपूर्वी मांडली, आणि लहानपणापासून तो घरच्या कोंबड्या वहीत मांडत बसायचा. आठ-दहा दिवस जाळीआडून तोंडओळख करा, मग रात्री दांडीवर शेजारी नेऊन बसवा. सकाळी थोडी टोचाटोची होते, पण भागतं.

पातळ कवच. हे मला फार आवडतं, म्हणून चिठ्ठी दुसरी आली तरी सांगणार. अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात, म्हणून कोंबडी रोज थोडी उशिरा घालते आणि मग एक दिवस सुट्टी घेते. मी तिला आळशी म्हणायचे. त्या पंचवीसांतले वीसेक तास नुसतं कवच चढायला जातात आणि त्यातलं बरंच काम रात्री होतं, पोटात दाणा जात नसताना. म्हणून कॅल्शियम संध्याकाळी द्यायचं, जाडसर. आमच्या बाजारातली कोळीण तिसऱ्या सोलून शिंपल्या टाकते, त्या मी मागून घेते. धुऊन, वाळवून, वरवंट्याने फोडायच्या. पीठ करू नका, पोटात रात्रभर राहिलं पाहिजे. पंधरा दिवसांत अंडं टेबलावर आपटल्यावर आवाज बदलतो.

खुडूक कोंबडी, माशा, मे महिन्यातला उकाडा, अंडी धुवावीत की नाही – धुऊ नका, वरचं नैसर्गिक लेपण जातं – आणि सोसायटीशी बोलायचं कसं, हे राहिलं. त्या शेवटच्या विषयावर मी वेगळं व्याख्यान द्यायला तयार आहे, मात्र मुलुंडबाहेर.

प्रश्नोत्तरं आता नकोत. फेब्रुवारी आहे, साडेसहाच्या पुढे अंधारायला लागतं आणि आमचे हे कधी मोजत नाहीत, नुसती खिट्टी लावतात. सात असायला हव्यात. एक काळी आहे, ती अंधारात शेवग्याखाली दिसत नाही. येते मी.