नार्नीचा पूल, दोनदा

श्रोतेहो, नमस्कार. रोमच्या उत्तरेला नार्नी गावाजवळ नेरा नदीवर सम्राट ऑगस्टसच्या काळातला एक मोडका पूल आहे. फ्रेंच चित्रकार कामीय कोरो याने तो 1826 मध्ये जागेवर बसून रंगवला, कागदावर, साधारण 34 बाय 48 सेंटिमीटर. मग पॅरिसच्या 1827च्या सरकारी प्रदर्शनासाठी, म्हणजे ‘सालों’साठी, तोच देखावा कॅनव्हासवर लांबी-रुंदीला दुप्पट करून पुन्हा काढला.

तैलरंग आणि कागदावर? हो, तेव्हा ती रुळलेली रीत होती. कागद हलका, गुंडाळून नेता येतो. पण कोरा कागद रंगातलं तेल पिऊन टाकतो. रंग निस्तेज पडतो, पुढे कागदही ठिसूळ होतो. म्हणून आधी सरसाचा हात द्यायचा, किंवा तैलरंगाचं पातळ अस्तर चढवून ते वाळू द्यायचं. मग कागद रंगपेटीच्या झाकणाला आतून टाचायचा. रंगाच्या ट्यूब आल्या 1841 नंतर. तोवर रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत असे. टोचून हवा तेवढा काढायचा आणि भोक बुजवायचं. ते नीट बुजलं नाही, तर रंग आतल्या आत घट्ट.

खरी अडचण उजेडाची. व्हालाँसिएन या चित्रकाराने 1800 सालच्या आपल्या ग्रंथात नियमच घालून दिला होता: एका अभ्यासचित्राला फार तर दोन तास, सूर्योदय-सूर्यास्ताला अर्धाच तास. सावल्या सरकल्यावर जुन्या सावल्या ‘सुधारायला’ गेलात की एकाच चित्रात दोन वेळांचा उजेड येतो, आणि तो काही केल्या लपत नाही. सुरुवात आकाशापासून करायची, कारण डोंगर किती फिका, झाड किती गडद, हे सगळं आकाशाच्या उजळपणावरून ठरतं.

कोरोच्या कागदावर हे नेमकं दिसतं. मागचे निळसर डोंगर आणि पुलाच्या कमानी अचूक. पुढचा मातीचा उतार मात्र तपकिरी रंगाच्या भरभर फटकाऱ्यांत उरकलेला. वेळ तिथे घालवलाच नाही, आणि बरंच झालं!

सालोंला असला उतार चालला नसता. तिथे कॅनव्हासवर पुढे सपाट जमीन आली, गुराखी आणि शेळ्यामेंढ्या आल्या, छत्रीच्या आकाराचे पाइन आले. चित्र वाईट नाही, नेटकं आहे, पण नियमाबरहुकूम. 1816 मध्ये फ्रेंच कला अकादमीत ऐतिहासिक निसर्गचित्रासाठी, म्हणजे इतिहास-पुराणातले प्रसंग मांडणाऱ्या निसर्गदृश्यासाठी, रोमला जाऊन शिकण्याची शिष्यवृत्ती ठरली होती, त्या काळची ही अपेक्षा.

आज कागद पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाकडे आहे, कॅनव्हासवर चिकटवलेला. मोठं चित्र कॅनडात ओटावाला. दोन्हींच्या छापील प्रती मिळाल्या तर शेजारी ठेवा आणि दोन्हींचा खालचा भाग हाताने झाका. वर पूल, नदी, डोंगर जवळजवळ तेच राहतात. हात काढलात की कळेल, स्टुडिओतली बहुतेक भर त्या खालच्या पट्ट्यातच पडली आहे.