सत्काराला कुणाला बोलवायचं?

दहावीचे निकाल लागले की आपल्याकडे सत्कारांचा हंगाम. शाल, नारळ आणि ठरलेलं वाक्य: ‘आईवडिलांच्या कष्टांचं चीज झालं.’ अहो, झालं असेल. पण ज्या घरात आईवडिलांनी पोरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तिथून स्टेजवर कुणाला बोलवायचं?

नाशिकच्या सातपूरला आमच्या मागच्या चाळीत बहीण-भाऊ राहायचे. बाप दुपारपासून पत्त्यांत, आई घरात असून नसल्यासारखी. ताईला एसटी चालवायची होती. कंडक्टर नव्हे, ड्रायव्हर! हसू नका, तेव्हाही सगळे हसले होते, धाकटा सोडून. एसटीच्या स्टिअरिंगवर बाई बसलेली आपण पाहिली ती २०२३ साली. धाकट्यानं अंगणात खडूनं आठचा आकडा काढून दिला, त्यावरून ती पाय न टेकता भाड्याची सायकल फिरवायची. ही परीक्षा स्कूटरच्या लायसन्सची असते, बसची नाही. पण सांगणार कोण?

धाकट्याला नाटकाचे लाइट करायचे होते. कालिदास कलामंदिरात कुणाच्या तरी पासवर एक नाटक पाहून आला. नट कोण, ते सांगता येईना. खिडकीतलं ऊन कुठल्या बाजूनं येत होतं, ते मात्र अचूक. ताईनं तेलाच्या डब्याला भोक पाडलं, आत बल्ब सोडला, पुढे पतंगाचा कागद. संक्रांतीला फाटके पतंग गोळा करायचं काम तिचं. कागद करपायचा, की दुसरा.

प्रगतिपुस्तकावर बापाची सही ताईच ठोकायची. एकदा बापानं स्वतः केली, तर बाईंनी ती खोटी म्हणून परत पाठवली!

(हशा)

आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. पौष वद्य एकादशीला आपण त्र्यंबकला जातो ते कुणाकडे? निवृत्तिनाथांकडे. ज्ञानदेवांचे गुरू म्हणजे सख्खे थोरले भाऊ. आईवडिलांचं छत्र गेलेली, गावानं वाळीत टाकलेली चार पोरं ती. त्या घरातलं दुःख वेगळं, मान्य. पण पाठीवर हात भावंडाचाच.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतायत, म्हणजे तीन.

तर मुद्दा. मारलं की वळ उठतो. दुर्लक्षाचा उठत नाही, म्हणून शेजारी गप्प बसतात. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर त्याही पोरांसाठी आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्यात, सांभाळायला असमर्थ ठरलेल्या पालकांची मुलंही येतात. पण बालगृहात पाठवताना मुलगी एका संस्थेत, मुलगा दुसऱ्या संस्थेत. त्यांच्या भेटीचा वार तरी पहिल्याच दिवशी ठरवा. शिक्षकांनो, पालकसभेला थोरली बहीण आली तर तिला दारातून परत पाठवू नका. आणि ‘किती गुणाची पोर’ म्हणून तिच्यावर सगळं ढकलूही नका. तीही शाळेतलीच आहे, तिच्या अभ्यासाचं कोण बघतंय? आपण तिचं कौतुक करत बसतो आणि बाप तिकडे डाव मांडून मोकळा.

झाली वेळ. ताईचं पुढं काय झालं, ते खाली चहाच्या टेबलापाशी सांगतो.